अथणीची माती, खानापूरचा जांभा

जेसीबीच्या बकेटचा दात झिजला की कसा दिसतो ते मी पहिल्यांदा ऑफिसच्या टेबलावर बघितलं. तरुण भारतच्या पानात गुंडाळून आणलेला लोखंडाचा तुकडा, टोक पार बोथट, वर लाल धुळीचा थर तसाच. आणणारे कॉन्ट्रॅक्टर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचे, वयानं माझ्या वडिलांएवढे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी तो दात माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या कागदात ही माती हाय. हात लावून बघा की किती मऊ हाय ती."

मी तेव्हा एका सरकारी ऑफिसात (कुठल्या ते सोडा) टेंडर सेक्शनला आउटसोर्सवर डेटा एंट्री ऑपरेटर होते. पदाचं नाव ऑपरेटर, खरं टेंडर डॉक्युमेंटची निम्मीअधिक वाक्यं माझ्याच हातनं जायची. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', पुण्यामुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये.) काम होतं पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनचं, खानापूरच्या पश्चिमेला, जिथं रस्त्याकडेचा माणूससुद्धा जांभ्याच्या चिऱ्यांचं घर बांधतो. १,८०० मीटर लाइन, चर ६० सेंटीमीटर रुंद, १ मीटर खोल, म्हणजे १,०८० घनमीटर खोदाई. बीओक्यूमध्ये (कुठलं काम किती परिमाणाचं याची यादी) खोदाईचा एकच आयटम, 'सर्व प्रकारच्या मातीत खोदकाम'. बास. खडकाचा आयटम नाहीच.

का नाही, तर मी ते डॉक्युमेंट आमच्याच जिल्ह्यातल्या अथणीकडच्या जुन्या टेंडरवरून केलं होतं म्हणून. फाईलचं नाव 'फायनल नवीन २', ती उघडली, गावाचं नाव बदललं, लांबी बदलली, रक्कम बदलली, साहेबांची सही झाली, पोर्टलवर चढलं. अथणीकडं काळी माती, तिथं तो एक आयटम चालून जातो. खानापूरकडं दीड फुटावर जांभा लागतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या मामाचं घरच तिकडचं आहे, लहानपणी मे महिन्यात तिथल्या विहिरीच्या कडेला बसून आम्ही तो लाल भोकंभोकंवाला दगड नखानं कोरायचो. खरं टेंडर करताना माझ्या डोक्यात विहीर नव्हती, फाईल होती.

या पोस्टमध्ये मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की आमच्या धंद्यात करार कुणी बसून 'लिहीत' नाही, तो एका गावातून दुसऱ्या गावात नेला जातो, आणि जाताना पहिल्या गावची माती चिकटून येते.

आता थोडं मागं जाऊन सांगते, नाहीतर बाहेरच्यांना कळणार नाही. कर्नाटकात सरकारी खरेदीला आणि कामांना केटीपीपी म्हणजे सार्वजनिक खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा लागतो, १९९९ चा कायदा, २००० चे नियम. त्याच्यासोबत ठरलेले नमुने आहेत, केडब्ल्यू-१, केडब्ल्यू-२ असे चढत जाणारे, काम जेवढं मोठं तेवढा नमुना जाड. सगळ्यात जास्त बोललं जातं ते केडब्ल्यू-४ बद्दल. या नमुन्यात अटी आधीच छापलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. हात लावायचा तो 'कॉन्ट्रॅक्ट डेटा' नावाच्या दोन-चार पानांना. तिथं रिकाम्या जागा असतात, काम किती महिन्यांत, पावसाळा धरून की सोडून, उशिराला दिवसाचा दंड किती, दोषदायित्वाचा काळ (काम झाल्यावर निघालेले दोष दुरुस्त करून द्यायचा) किती, जागा ताब्यात कधी देणार. नवीन माणसाला वाटतं शंभर पानी डॉक्युमेंट म्हणजे कोणीतरी वकिलानं रात्र रात्र बसून लिहिलेलं. छापील नव्वद पानं कुणी वाचत नाही आणि ज्या दहा पानांवर खरा करार ठरतो ती माझ्यासारखी पोरगी चहा गार होऊ देत भरत असते. मी एकदा दोषदायित्वाचा काळ '२४ दिवस' टाकला होता, महिने लिहायचं राहिलं. प्री-बिड मीटिंगमध्ये, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या शंकांच्या बैठकीत, एका कॉन्ट्रॅक्टरनंच हसत हसत दाखवलं म्हणून शुद्धिपत्रक काढलं. तो गप्प बसला असता तर? त्याचं कौतुक मला अजून वाटतं.

आणि एक गोष्ट, जी खाजगी करार करणाऱ्या वकिलांनाही पटकन लक्षात येत नाही. खाजगी करारात दोघं समोरासमोर बसतात, कलम आवडलं नाही तर खोडतात, चहा पितात, परत लिहितात. सरकारी टेंडरचा करार लिहिताना समोर माणूसच नसतो. कोण येणार, अण्णा येणार की बेंगळुरूची कंपनी येणार, माहीत नाही, आणि टेंडर उघडल्यावर मुख्य अट बदलायची नाही, कारण तुम्ही बदललीत तर जो त्या अटीमुळं आलाच नाही त्याच्यावर अन्याय. सुप्रीम कोर्टाचा १९७९ चा रमणा शेट्टी विरुद्ध विमानतळ प्राधिकरण हा निकाल याच्यावरच आहे. मुंबई विमानतळावर उपाहारगृह आणि स्नॅक बार चालवायला टेंडर, अट लिहिली होती की नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला हवा, पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि काम दिलं त्याला ज्याचा अनुभव कॅन्टीन चालवायचा होता. कोर्ट म्हणालं, अट तुम्हीच लिहिलीत ना, मग ती पाळायची पण तुम्हीच. (गंमत म्हणजे कोर्टात गेलेल्या माणसाला शेवटी दिलासा मिळाला नाही, उशीर झाला होता आणि दुसरीही कारणं होती, खरं तत्त्व राहिलं.) मी हे वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी टायपिस्टची काळजी वाटली, ज्यानं 'दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला' हे शब्द कुठनंतरी उचलून टाकले असणार.

'समान स्वरूपाचं काम' हे आमच्याकडचं तसंच एक वाक्य. पाइपलाइनच्या टेंडरला समान स्वरूपाचं काम म्हणजे पाइपलाइनच, की टाकीसकट पाणीपुरवठा, की गटारीची पाइपलाइन पण चालते? डॉक्युमेंटमध्ये दोन ओळीत सांगितलं नाही तर छाननी कमिटी आपल्या मनानं अर्थ लावणार आणि ज्याचं टेंडर बाद झालं तो केटीपीपीच्या कलम १६ खाली ३० दिवसांत अपील टाकणार, आणि गावकरी पाण्याची वाट बघत बसणार.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय बेळगावच्या माणसाची पोस्ट पूर्ण होत नाही, तर तेही. करार इंग्लिशमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, आणि काम करणारा कॉन्ट्रॅक्टर मराठी. माझी शाळा मराठी, कन्नड मी ऑफिसात शिकले, आधी बोर्ड वाचून मग फाईल वाचून. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते सुप्रीम कोर्टात होईल, २००४ पासून दावा तिथं आहे, मी त्यात पडत नाही. खरं टेंडरच्या टेबलावर एक वेगळीच मजा दिसते. कन्नड नोटिशीत कामाला 'कामगारी' म्हणतात, करारनाम्याला 'करारु पत्र', सिक्युरिटी डिपॉझिटला 'भद्रता ठेवणी', वर्क ऑर्डरला 'कार्यादेश'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे ही तर आपल्याच घरातली भांडी, फक्त शेजारणीच्या फडताळात ठेवलेली. अण्णांना मी कन्नड नोटीस वाचून दाखवली तर निम्मी त्यांना तशीच कळायची.

अडचण यायची ती 'शॅल' आणि 'मे' या दोन शब्दांपाशी. अख्खा करार या दोन शब्दांवर चालतो. अण्णांना मी सांगायचे, 'शॅल' आलं की करायलाच पाहिजे, 'मे' आलं की साहेबांच्या मर्जीवर. कन्नडात त्याला झकास रूप आहे, 'माडतक्कद्दु', म्हणजे केलंच पाहिजे, पळवाट नाही. मराठीत आपण लिहितो 'करावे'. आता 'करावे' म्हणजे हुकूम की सल्ला? आमच्या गल्लीतल्या एका संस्थेनं मला इमारतीच्या देखभालीचा करार मराठीत करून दे म्हटलं, मी हौसेनं लिहिलं 'ठेकेदाराने टाकी दर महिन्याला साफ करावी'. चार महिने टाकी साफ झाली नाही. विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "करावी असं लिहिलंय की ताई, केलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" तेव्हापासून मी 'करणे बंधनकारक राहील' लिहिते, कितीही सरकारी वाटलं तरी. भाषा सुंदर लिहायची असेल तर शुभेच्छापत्रं लिहावीत.

बरं, 'दुसऱ्या गावचा कागद' हा काही फक्त मातीपुरता नसतो. काही वर्षांनी मी ते ऑफिस सोडलं आणि एका रिटायर्ड एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साहेबांच्या छोट्या कन्सल्टन्सीत लागले, टिळकवाडीत, जिन्याखाली दोन खोल्या. हेच साहेब माझ्या जुन्या ऑफिसला होते. आम्ही नगरपंचायती वगैरेंची एस्टिमेटं आणि टेंडर डॉक्युमेंटं करून देतो. पहिल्याच महिन्यात मी एका नगरपंचायतीच्या करारनाम्यावर, जुन्या नमुन्यातनं आलेलं, 'कर्नाटकाच्या राज्यपालांच्या वतीने' असं तसंच ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला, "राज्यपालांना आमच्या गटारीत कशाला उतरवलंस?"

गोष्ट अशी की राज्य सरकारच्या खात्याचा करार असेल तर संविधानाच्या कलम २९९ प्रमाणं तो राज्यपालांच्या नावानंच व्हायला पाहिजे, आणि ज्याला अधिकार दिलाय त्याच अधिकाऱ्याची सही पाहिजे, नाहीतर कराराला अर्थ नाही. खरं ग्रामपंचायत, नगरपंचायत या स्वतःच्या कायद्याखालच्या स्वतंत्र संस्था, त्यांचा करार त्यांच्या स्वतःच्या नावानं. खात्याचा नमुना पंचायतीला लावला की राज्यपाल येतात, पंचायतीचा नमुना खात्याला लावला की राज्यपाल गायब होतात. दोन्हीत भांडण झालं तर वकिलाची चैन.

आणि कोर्ट कुठलं? हे तर मी किती वेळा पकडलंय त्याला मोजमाप नाही. बेंगळुरूच्या कुठल्यातरी मंडळाच्या डॉक्युमेंटवरून उचललेलं असतं, 'या करारातील वाद बेंगळुरू येथील न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील'. काम खानापूरला, कॉन्ट्रॅक्टर खानापूरचा, ऑफिस बेळगावला, आणि पाचशे किलोमीटरवर जाऊन भांडायचं. आपल्याकडं हायकोर्टाचं खंडपीठ धारवाडला आहे, २००८ साली तिथं सुरू झालं आणि २०१३ ला कायम झालं, इतकं जवळ. काही जण म्हणतात, अहो त्यात 'फक्त' हा शब्द नाही ना, मग बेळगावलाही दावा चालेल. नाही चालत. स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल, २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, तिथं करारात कोलकात्याचं नाव होतं, 'फक्त' किंवा 'केवळ' नव्हतं, तरी कोर्ट म्हणालं की एका जागेचं नाव घेतलं म्हणजे बाकीच्या जागा वगळल्या. म्हणजे एक शहराचं नाव बदलायचं राहिलं तर माणसाला रात्रीच्या बसचं तिकीट काढावं लागतं.

लवादाचं कलम आता तसंच बघून घ्यावं लागतं. जुन्या नमुन्यांत 'चीफ इंजिनियर सांगतील तो लवाद' असं असायचं, म्हणजे ज्याच्याशी भांडण त्यानंच पंच नेमायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की सरकारी करारात अशी एकतर्फी नेमणूक चालणार नाही, समानतेच्या हक्काला ती बाधा आणते. तरी ते वाक्य अजून फिरतंय, मला गेल्याच महिन्यात एका डॉक्युमेंटमध्ये भेटलं, जुना मित्र भेटावा तसं.

दंडाचं पण थोडक्यात. उशिराचा दंड टाकताना लोकांना वाटतं जास्त टाकला की कॉन्ट्रॅक्टर घाबरून लवकर करेल. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळणार ती वाजवी भरपाई. आणि दंड भारी ठेवला की हुशार कॉन्ट्रॅक्टर तो दरात धरूनच भरतो, मग तो दंड सरकारच भरतंय म्हणा की.

पावसाचं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. 'कामाची मुदत ९ महिने, पावसाळा धरून' आणि '९ महिने, पावसाळा सोडून' यात एका शब्दाचा फरक आहे आणि कणकुंबी-जांबोटी भागात तो फरक चार महिन्यांचा आहे. तिकडं जूनमध्ये पाऊस लागला की चर खणणं सोडा, जेसीबी नेणं होत नाही, ओढा रस्त्यावरनं वाहतो. अथणीकडं त्याच दिवसांत लोक आभाळाकडं बघत असतात. एकच जिल्हा, खरं दोन वेगळे देश म्हटलं तरी चालेल, आणि आमचा कॉन्ट्रॅक्ट डेटा दोन्हीकडं तोच. कार्यादेश मार्च अखेरीला निघतो (आर्थिक वर्ष संपायच्या आत निघायलाच पाहिजे ना), जागेचा ताबा मेमध्ये मिळतो, कारण कोणाच्या तरी बांधावरनं लाइन जाते आणि त्याची समजूत काढायची राहिलेली असते, आणि घड्याळ मात्र मार्चपासून चालू. मुदत कार्यादेशाच्या तारखेपासून मोजायची की जागा ताब्यात दिल्यापासून, हे एक वाक्य जर नीट भरलं तर निम्मे मुदतवाढीचे अर्ज येणारच नाहीत. मी आता ते वाक्य आधी भरते, रक्कम नंतर.

कराचं एक उदाहरण देते आणि पुढं जाते. सरकारी कामांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. ज्यांच्या करारात 'दर सर्व करांसहित' एवढंच होतं आणि कर बदलला तर काय याची ओळ नव्हती, त्यांनी चालू कामात ते ६ टक्के कुठनं आणायचे? छोट्या कॉन्ट्रॅक्टरचं सगळं सुटणं तेवढंच असतं. त्यात बिलातनं आधीच १ टक्का कामगार उपकर, २ टक्के जीएसटीचा टीडीएस (अडीच लाखांच्या वरच्या करारांना), आयकराचा वेगळा, आणि ठेवणी राखून ठेवलेली. अण्णा म्हणायचे, बिल पास झालं म्हणून पेढे वाटावेत तर पेढ्यांएवढेच उरतात.

आणि हो, वर्क ऑर्डर. २०२२ च्या एप्रिलमध्ये हिंडलग्याच्या रस्त्यांच्या कामावरून काय झालं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. त्यातल्या राजकारणात आणि कोण चुकलं यात मी शिरत नाही, ते काम केलेला कॉन्ट्रॅक्टर जिवानिशी गेला, त्याच्यावर मी काय बोलणार. फक्त तेव्हा सगळ्यांच्या तोंडी आलेला शब्द 'वर्क ऑर्डर' हा होता, की कागद नसताना काम झालं आणि बिल अडकलं. जत्रा तोंडावर आलीय, करून घ्या, कागद मागनं येईल, असं तोंडी सांगणं आपल्याकडं किती नेहमीचं आहे हे प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरच्या बायकोला विचारा. कायद्यात अशा माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही, करार कायद्याचं कलम ७० आहे, आणि १९६१ चा बी. के. मंडल यांचा निकाल आहे, त्यात बंगालच्या पुरवठा खात्यानं अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गोदामं बांधून घेतली होती, रीतसर करार नव्हता, कोर्टानं सांगितलं सरकारनं काम स्वीकारलं, वापरलं, मग मोबदला द्यायला पाहिजे. खरं काम झालं होतं १९४४ साली आणि निकाल आला १९६१ च्या डिसेंबरला. सतरा वर्षं. म्हणून कुणी मला कलम ७० च्या भरवशावर काम सुरू करू का विचारलं तर मी आधी त्याचं वय विचारते.

तर अण्णांचं काय झालं.

दात टेबलावर ठेवल्यावर ज्युनिअर इंजिनियरला बोलावलं. तो विजापूरकडचा, चांगला मुलगा, त्यानं साइटवरची मूठभर लाल भुकटी कागदात आणलेली, ती दाखवून म्हणाला, "इदु मण्णे री मेडम, कल्लल्ल." म्हणजे ही मातीच आहे हो मॅडम, दगड नव्हे. त्याचंही खोटं नव्हतं, जांभा फोडल्यावर मातीच दिसते. अण्णा म्हणाले, "साहेब, तुमच्या विजापुरात असंल ही माती, आमच्यात हिची घरं बांधतात." जांभ्याची हीच खोड आहे, जमिनीत ओला असताना कुऱ्हाडीनं चिरा काढता येतो, वारा लागला की कडक होत जातो. आयटम लिहिणाऱ्यानं त्याला कुठल्या खान्यात घालायचं?

साहेब तेव्हा आमचे ईई, म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, कागदपत्रांचा प्राधान्यक्रम काढ. करारात एक कलम असतं, कुणी वाचत नाही, की कागदांत विसंगती असेल तर कुठला कागद वरचा. आधी करारनामा, मग स्वीकृतीपत्र, मग कॉन्ट्रॅक्टरचं टेंडर, कॉन्ट्रॅक्ट डेटा, अटी, मग स्पेसिफिकेशन, नकाशे, आणि बीओक्यू पार खाली. मग स्पेसिफिकेशन उघडलं. खोदाईचं वर्गीकरण तिथं सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राच्या बांधकाम खात्याच्या) धर्तीवर होतं, आणि त्यात 'ऑर्डिनरी रॉक' या सदरात, जो पहारीनं फोडता येतो, सुरुंग लागत नाही अशा खडकांच्या यादीत, चुनखडी, वालुकाश्म यांच्या रांगेत स्पष्ट शब्द होते, 'हार्ड लॅटराईट'. म्हणजे कडक जांभा. आमचाच कागद अण्णांच्या बाजूनं बोलत होता. बीओक्यू म्हणत होतं सगळी माती, स्पेसिफिकेशन म्हणत होतं जांभा हा खडक, आणि स्पेसिफिकेशन वरचं. मी एकाच फाईलमध्ये दोन्ही जोडलं होतं आणि दोन्ही वाचलं नव्हतं.

मला वाटलं झालं, सुटलं. साहेब म्हणाले, थांब. अण्णा, तुम्ही लेखी कधी कळवलं?

अण्णांनी दाताकडं बोट दाखवलं.

करारात अट होती की अशी काही गोष्ट निघाली, ज्यानं खर्च किंवा मुदत वाढेल, की लगेच लेखी कळवायचं, म्हणजे दोघं मिळून जाऊन माप घेतील. दात म्हणजे नोटीस नव्हे. जांभा सुमारे ११०० मीटर लांबीत लागला होता, वरची ४५ सेंटीमीटर माती सोडली तर ५५ सेंटीमीटर खोल, म्हणजे ३६३ घनमीटर. खरं तोवर निम्म्याच्या आसपास चर पाइप टाकून बुजवून झालेला. बुजवलेल्या चरात कुठली पातळी मोजणार? जेवढा उघडा होता तेवढ्याचं मोजमाप झालं, मेजरमेंट बुकात चढलं, थोडं शेजारच्या खड्ड्यांवरून धरलं, २४० घनमीटर मान्य झालं. जादा आयटमचा दर वरच्या ऑफिसातून मंजूर होऊन यायला पाच महिने गेले. उरलेल्या १२३ घनमीटरचे पैसे अण्णांना मिळाले नाहीत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, उलट पुढच्या दिवाळीला घरच्या काजूची पिशवी आणून दिली, त्यानं मला जास्त लागलं.

चूक कुणाची? आयटम माझा राहिला, तपासायचा साहेबांनी राहिला, प्री-बिडला विचारायचं अण्णांनी राहिलं (ते तर खानापूरचेच, त्यांना जांभा दिसला नसेल? दिसला असणार, खरं दर कमी भरल्याशिवाय काम मिळत नाही, मग नंतर बघू म्हणून भरला). टेंडरमध्ये छापलेलंच असतं की टेंडर भरणाऱ्यानं जागा बघून घेतलीय असं धरण्यात येईल. कॉन्ट्रॅक्टरनं जागा बघावी अशी अट लिहिणाऱ्यांनी स्वतः जागा बघावी अशी अट कुठंच नाही.

आता आम्ही पाइपलाइनच्या टेंडरला खोदाईचे तीन आयटम घालतोच, माती, साधा खडक, कठीण खडक, आणि प्रत्येकाचं परिमाण अंदाजानं का होईना चाचणी खड्ड्यांवरून काढतो. २५ टक्क्यांच्या वर फरक पडला तर दराचं काय, तेही बघून ठेवतो. चाचणी खड्डे म्हणजे फार काही नाही, लाइनवर ठिकठिकाणी मीटरभर खोल खणायचं आणि काय लागलं ते लिहायचं, फोटो काढायचा. दोन मजूर, एक दिवस.

हे लिहितेय तेव्हाही एक डॉक्युमेंट उघडं आहे, परत खानापूर तालुका, परत पाइपलाइन. सकाळी तिथल्या इंजिनियरला फोन केला, सर खड्ड्यांचे फोटो पाठवा, किती खोलीवर काय लागलं ते दिसू दे. दुपारी व्हॉट्सॲपवर आला. लाल खड्डा, कडेला पावसाचं पाणी, टेप नेलेली नाही म्हणून मापासाठी आत चप्पल उभी करून ठेवलेली. मी परत फोन केला, "सर, चप्पल कितीची?"

"आठ नंबर मेडम. बाटाची."

एक्सेलमध्ये तो कॉलम अजून रिकामा आहे. उद्या टेप घेऊन जातो म्हणालेत.